न धुवायचं कापड

वसुधा पौनीकरकडून ब्लाउजची बाही सैल करून घेतली की ती परत उसवत नाही, हे अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या बहुतेक मराठी घरांना ठाऊक होतं. ती घाईचं काम घेत नाही, हेही ठाऊक होतं. "शनिवारी फंक्शन आहे काकू, प्लीज," असं कोणी म्हणालं तर मशिनवरची मान वर न करता ती म्हणायची, "फंक्शन काल ठरलं का? ठरलं तेव्हाच यायचं होतं."

ती मूळची वैनगंगेकाठच्या पवनीची, कोष्ट्याच्या घरातली. शाळेत जायच्या आधीपासून तिने मागासाठी कांड्या भरल्या. नवरा कृष्णा एका हॉटेलात स्वयंपाकी म्हणून अमेरिकेत आला, मागून ती मुलीला, राधिकाला, घेऊन आली. आसपास सगळे कॉम्प्युटरवाले आणि औषध कंपन्यांतले. त्यांच्या बायका तिला प्रेमाने काकू म्हणत, पण तिच्या दारी येत त्या साडीचा फॉल घेऊनच. वसुधाने त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. तिला काम हवं होतं. ते तिला अकोसुआने दिलं.

अकोसुआ घानाची, असांते लोकांतली. किराणा दुकानांच्या ओळीत, ड्रायक्लीनरच्या शेजारी तिचं कपडे अल्टर करण्याचं दुकान होतं. पहिल्या दिवशी तिने वसुधाला एक पँट दिली, खालून आखूड करायला. वसुधाने आधी कापडाचा कोपरा ओला केला, पांढऱ्या चिंधीवर घासला, रंग सुटतो का ते पाहिलं. मग इस्त्री केली. मग कात्री उचलली.

"उद्यापासून ये," अकोसुआ म्हणाली.

दोघी शेजारी शेजारी बसून म्हाताऱ्या झाल्या. वसुधाचं इंग्रजी तुटकं होतं, अकोसुआचं फर्डं, पण दोघींना बडबड आवडत नसे. बोलायचं काम अकोसुआ कापडावर सोपवायची. तिच्याकडे ठशांनी छापलेली लुगडी होती, आणि त्यावरच्या प्रत्येक ठशाला अर्थ होता. दुकानाची जागा ज्याची, तो मालक भाडं वाढवायला यायचा होता त्या दिवशी ती नेच्याच्या पानांचं कापड नेसून आली.

"आज काय विशेष?" वसुधाने विचारलं.

"नेचं कुठेही उगवतं, कशातही टिकतं. म्हणजे, मी तुला भीत नाही. आज मी बोलणार नाही वासू, हे बोलेल."

"त्याला वाचता येतं का?"

"त्याला कशाला यायला हवं? मला येतं ना."

भाडं वाढलंच. पण अकोसुआ दिवसभर ताठ बसली होती, हे वसुधाने पाहिलं. पुढे तीही वाचायला शिकली. अकोसुआ कुठलं कापड नेसून दार उघडते त्यावरून तिला कळायचं की आज चहा आधी विचारायचा की गप्प राहायचं.

कृष्णा गेला, त्यानंतर वसुधा मोकळ्या कपाळाने आणि रिकाम्या हातांनी कामावर आली. अकोसुआने तिच्याकडे एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती गडद तांबड्या कापडात आली. ते रक्ताचं माणूस गेलं की नेसतात, एवढं वसुधाला तोवर माहीत होतं. त्या दिवशी दोघींनी नेहमीइतकंच काम केलं.

आणि या हिवाळ्यात अकोसुआ गेली.

तिला पुरलं तेव्हा बर्फ पडत होतं. पण त्यांच्यात पुरणं वेगळं आणि मोठा दुखवटा वेगळा. तो हॉल घेऊन, सगळं कूळ जमवून करतात. वसंत लागल्यावरचा एक शनिवार ठरला. त्यासाठी तिची थोरली बहीण अफुआ ओहायोहून येऊन बहिणीच्या घरी राहिली. अफुआ म्हणजे शुक्रवारी जन्मलेली. उंच, हाडकुळी, हातात काठी, आणि घरातल्या बायकांत शेवटचा शब्द तिचा. तिने फोन करून वसुधाला बोलावून घेतलं आणि एक जड घडी तिच्या मांडीवर ठेवली.

तपकिरीकडे झुकणाऱ्या तांबड्या रंगाचं कापड होतं. कंगव्याने ओढल्यासारख्या काळ्या रेघांनी त्यावर चौकोन पाडले होते आणि चौकोनाचौकोनांत काळे चकचकीत ठसे. शिडी, साखळीचे दुवे, मेंढ्याची शिंगं.

"हे आमच्या भावाचं," अफुआ म्हणाली. "आमच्यात कूळ आईकडून चालतं, म्हणून मामाचं कापड भाच्याकडे जातं. शनिवारी क्वाबेना हे खांद्यावर घेऊन आईसाठी उभा राहणार. मधला जोड उसवलाय. माझ्या बहिणीने तो जोड तुला शिकवला होता म्हणे."

"शिकवला होता."

"मग घाल."

दोन पट्टे रंगीत दोऱ्यांच्या दाट उभ्या टाक्यांनी जोडायचे असतात. टाका घट्ट आणि एकसारखा हवा, नाहीतर खांद्यावर वजन आलं की मधोमध तोंड वासतं. वसुधाने उसवलेली जागा पाहिली, दोऱ्याचे रंग पाहिले आणि घडी पिशवीत घातली. क्वाबेना, अकोसुआचा मुलगा, इस्पितळात नर्स होता. ड्यूटीवर निघता निघता तो थांबला. "थँक यू आंटी. मला फक्त हेच कापड हवंय. मामाने घेतलं होतं, आता मी."

वसुधा घरी आली. दुखवट्याच्या घरून आली होती. पवनीत तिची आई अशा घरून आलेल्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेत नसे. आधी अंघोळ, अंगावरचे आणि बरोबरचे सगळे कपडे पाण्यात, मग घर. वसुधा गराजच्या दारातून आत शिरली, तिथल्या मोठ्या सिंकमध्ये पाणी सोडलं, मूठभर साबण टाकला आणि अंगावरचं सगळं त्यात बुडवलं. बरोबरची पिशवीही रिकामी केली. हात काय करतायत तिकडे तिचं लक्ष नव्हतं. अशा दिवशी हे असंच करायचं, हात आपोआप करतात.

अंघोळ करून ती परत आली तेव्हा सिंकमधलं पाणी काताच्या पाण्यासारखं लाल-काळं झालं होतं.

तिने कापड बाहेर काढलं, गराजच्या दोरीवर टाकलं. तांबडा रंग फिकटला होता, पण टिकला होता. ठसे मात्र गेले होते. कुठे पुसट सावली, कुठे नुसता ओघळ. जन्मभर कोपरा ओला करून मगच कापडाला हात लावणारी बाई पाणी ठिबकणाऱ्या त्या कापडासमोर उभी राहिली, आणि बराच वेळ तिला बसायचंही सुचलं नाही.

राधिका ऑफिसातून आली. तिने बघितलं, ऐकलं आणि लगेच फोन उघडला.

"आई, डोन्ट पॅनिक. या ठशांचं आद्रिंका प्रिंट ऑनलाइन मिळतं. हे बघ, सेम कलर. परवा डिलिव्हरी. क्वाबेनाला कळणारसुद्धा नाही."

"त्याला कळेल."

"अगं, हॉलमध्ये कोण एवढं जवळून बघणार आहे?"

"ते लोक वाचतात, राधिका. बघत नाहीत. गाडी काढ."

"आत्ता? आधी फोन तर कर."

"हे फोनवर सांगायचं नाही."

अफुआने ओलं कापड टेबलावर पसरायला लावलं आणि काठीच्या टोकाने एकेक चौकोन तपासला. राधिका काहीतरी समजावू लागली, तर अफुआने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"हे कापड धुवायचं नसतं," ती वसुधाला म्हणाली. "माझ्या बहिणीने तुला सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. मला माहीत होतं."

"मग?"

"आमच्यात मृत्यूच्या घरून आलं की सगळं भिजवतात. मी विचार न करता भिजवलं."

"आमच्यात मृत्यूच्या घरी हे कापड नेसतात. तुम्ही मृत्यू धुता आणि आम्ही तो खांद्यावर घेतो. आता बोल, शनिवारी मुलाने काय घ्यायचं?"

राधिकाने फोन पुढे केला. अफुआने चष्मा लावून चित्र नीट पाहिलं. "सुंदर आहे. यात मगर आहे, राजाचं सिंहासन आहे, लग्नातलंही काहीतरी आहे. माझ्या बहिणीला मगरीचं काय गं?"

राधिका ओशाळली. वसुधाला हसू आलं नाही. ती म्हणाली, "ठसे अकोसुआच्या दुकानातल्या कपाटात आहेत. झाडाची सालही आहे, मी पाहिलीय. रंग करायचा कसा ते सांगा. मी परत छापते."

"तू कधी छापलंयस?"

"नाही."

"दंडात जोर किती आहे?"

"लागेल तेवढा."

अफुआने काठी जमिनीवर टेकवली. "कुळासमोर मला उत्तर द्यावं लागेल. कापड वाचता आलं नाही तर मी त्याला ते घेऊ देणार नाही. साध्या काळ्या शर्टात उभा राहील तो, आणि का, ते तू त्याला सांगायचं."

"सांगेन," वसुधा म्हणाली.

साल रात्रभर पाण्यात टाकली. सकाळी ती पोत्यात घालून वसुधाने कृष्णाच्या हातोडीने ड्राइव्हवेवर कुटायला घेतली. साल चिवट होती. वरवर कुटली की चेपते, फुटत नाही. हातोडी डोक्याच्या वर नेऊन आणावी लागायची. अफुआ सावलीत खुर्ची टाकून बसली होती.

"तू सालीला थोपटतेयस. ती झोपेल."

वसुधाने हातोडी आणखी वर नेली.

मग गॅसची शेगडी बाहेर काढून मोठ्या पातेल्यात साल उकळत ठेवली, त्यात लोखंडाचं कीट टाकलं. कडवट वास गल्लीभर पसरला. शेजारचा सुशांत कुत्र्याला घेऊन निघाला होता, तो थबकला. सोसायटीच्या कमिटीवर होता तो.

"काकू, ड्राइव्हवेवर कुकिंग अलाउड नाहीये हं. काय आहे हे? काढा वगैरे?"

"झाडाची साल."

"आयुर्वेदिक?"

"दुखवट्याची."

सुशांतने पातेल्यात डोकावलं, मग अफुआकडे पाहिलं. अफुआनेही त्याच्याकडे पाहिलं. "ओके, कॅरी ऑन," म्हणत तो कुत्र्याच्या मागे गेला.

साल गाळायची, चोथा पिळायचा, पाणी परत आटवायचं. दिवस त्यातच गेला. मध्ये वसुधा एकदाही बसली नाही, कारण ढवळणं थांबलं की तळाला लागतं. रंग काकवीसारखा दाट झाला आणि काडीवरून तुटेनासा झाला, तेव्हा अफुआने नखावर थेंब घेतला आणि म्हणाली, "उतरव."

ठसे वाळलेल्या भोपळ्याच्या कवचावर कोरलेले होते, पाठीला काड्यांची मूठ बांधलेली. कवच गोलसर, म्हणून ठसाही पोटाकडे फुगीर. गराजमधल्या टेबलावर वसुधाने गोधड्या अंथरल्या, वर जुनी चादर ताणून टाचली. ठसा रंगात बुडवला, चादरीवर सरळ दाबला, सरळ उचलला. मधला भाग उमटला, कडा कोऱ्या.

"हे इस्त्रीचं काम नाही," अफुआ म्हणाली. "एका कडेवर ठेव आणि पलीकडे कलत जा. पाळणा झुलतो ना, तसं. पण एकदाच. परत मागे आलीस की डाग."

वसुधाने परत घेतला. डाग पडला. परत घेतला. कड फाटली. रंग जास्त झाला की ओघळतो, कमी झाला की खरखरीत उमटतो. चादर भरली, तिने उलटी केली. दुसरी बाजूही भरली. क्वाबेना ड्यूटी संपवून आला, दारात उभा राहून चादरीकडे बघत राहिला. वसुधाने त्याला सगळं सांगितलं होतं.

"शर्ट इस्त्री करून ठेव," वसुधा त्याला म्हणाली. "मी शब्द देत नाही काही."

"शर्ट आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "तुम्ही चालू ठेवा."

चादरीवर सलग एक ओळ स्वच्छ उठली तेव्हा अफुआने खऱ्या कापडाकडे बोट केलं.

आधी रेघा. लाकडी कंगवा रंगात बुडवून पट्टीच्या आधाराने ओढायचा, श्वास न मोडता. मग शिड्या. जुन्या ठशांच्या सावल्या अजून दिसत होत्या, नवा ठसा नेमका त्यावर बसवायचा होता. वसुधा सावलीवर बोट ठेवी, कड जुळवी, मग ठसा कलवी. शिड्या झाल्या. दुवे झाले. आता शिंगं. जुन्या ठशाचं कवच रंगात बुडताच कडेपासून मुठीपर्यंत तडकलं.

अफुआ पहिल्यांदा खुर्चीवरून उठली. तिने तुकडे हातात घेतले. "हा माझ्या भावाच्या वेळचा." मग खाली बसली. "शिंगांशिवाय कापड अर्धं आहे. मेंढा ताकदवान असतो आणि तरी मान खाली घालतो. माझी बहीण तशी होती. शिडी काय, मरणाची, ती सगळ्यांनाच चढायची आहे. तिच्याबद्दल जे बोलायचं ते या शिंगांत होतं."

"नवा कोरू."

"कशावर? इथे कुठे मिळायचा तो भोपळा?"

वसुधा गराजच्या मागच्या फळीकडे गेली. मागच्या अंगणातल्या वेलावरचा एक दुधी तिने बियांसाठी राखला होता, तो वाळून लाकडासारखा टणक झाला होता. तिने तो अफुआच्या मांडीवर ठेवला. अफुआने नखाने वाजवला, उलटासुलटा केला.

"हा तुझ्याकडे कसा?"

"आम्ही याची भाजी करतो."

"याची? भांडी करतात याची!"

"कोवळ्याची. चण्याची डाळ घालून."

अफुआ हसली. काठी बाजूला पडेपर्यंत हसली. "वीस वर्षं माझी बहीण तुझ्या डब्यातलं जेवायची आणि मला कधी बोलली नाही की ती ठसे खातेय!"

वसुधाने दुधी करवतीने कापला. शिंगांची वेटोळी कोरताना पहिला तुकडा फुटला. दुसऱ्याच्या वेटोळ्याची कड निसटली, पण तो चालेल असं राधिकाला वाटलं. "आई, इट्स फाइन. यू कॅन बेअरली टेल."

"बेअरली म्हणजे दिसतंय ना?" वसुधाने तो बाजूला टाकला. तिसरा घेतला. चाकू ढकलायचा नाही, बोटाने धार अडवत कवच खरवडायचं, हे तिला आता उमगलं होतं. अंगठ्याला चिरा पडल्या, त्यावर पट्टी लावून काम चालू राहिलं. वेटोळी जमली. काड्यांची मूठ बांधली. चादरीवर एक ठसा उठवून पाहिला. मग न थांबता कापडावर ओळीमागून ओळ. खालच्या ओळीला आली तेव्हा खांदा वर उचलेना, म्हणून तिने दुसऱ्या हाताने कोपर उचलून धरलं.

रंग वाळला, मग मधला जोड. ते तिचं रोजचं काम होतं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. टाके एकसारखे आले.

शनिवारी हॉलबाहेर, पार्किंगमध्ये, अफुआने कापड गाडीच्या बॉनेटवर उलगडलं. क्वाबेना काळ्या शर्टात तयार उभा होता. वसुधा आणि राधिका थोड्या मागे. अफुआने वरून खालपर्यंत पाहिलं, जोड दोन्ही हातांनी ताणून पाहिला. मग म्हणाली, "शर्ट काढ."

आत तांबड्या-काळ्या कपड्यांतलं सगळं कूळ बसलं होतं. ढोल चालू होते. क्वाबेना कापड डाव्या खांद्यावर टाकून, उजवा खांदा उघडा ठेवून, रांगेने सगळ्यांशी हात मिळवत गेला. कुळातला सर्वांत वडीलधारा म्हातारा खुर्चीतच होता. त्याने हात मिळवला आणि सोडला नाही. दुसऱ्या हाताने कापडाचा काठ धरला आणि वाचू लागला. शिडी. दुवे. बोट एकेका चौकोनावर टेकवत तो खाली आला. वसुधा भिंतीशी उभी होती. तिला भाषा कळत नव्हती, पण बोट कुठे आहे ते दिसत होतं. बोट शिंगांवर थांबलं.

म्हाताऱ्याने अफुआला काहीतरी विचारलं. अफुआने उत्तर दिलं, लांबलचक, आणि काठीने वसुधाकडे दाखवलं. आसपासच्या खुर्च्या वळल्या. वसुधाने पदर नीट केला आणि नजर खाली घातली नाही.

म्हाताऱ्याने तिला जवळ बोलावलं. इंग्रजीत विचारलं, "हे शिंग तू कोरलंस? आमच्या गावच्यासारखं वळण नाही."

"नाही," वसुधा म्हणाली. "तसं जमलं नाही."

"जुन्या ठशाची सावली खाली दिसते."

"दिसते. पुसली जात नाही."

म्हाताऱ्याने शिंगांवरून परत अंगठा फिरवला. "पण मेंढाच आहे," तो म्हणाला. "वाचता येतंय." त्याने काठ सोडला. क्वाबेना पुढच्या माणसाकडे गेला. चालताना कापड घसरलं, तेव्हा त्याने ते झटक्यात पुन्हा खांद्यावर फेकलं, मामाने फेकलं असतं तसं, असं अफुआ नंतर म्हणाली.

अफुआने वसुधाला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. मग अफुआ तिच्या कानाशी वाकली.

"खालची ओळ फिकी आहे."

"हो. खांदा गेला होता."

"वर्षश्राद्धाला आम्ही पांढरं नेसतो. पांढऱ्यावर ठसा फिका पडला तर लगेच दिसतो. ते कापड तू छापायचंस. पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच जोराने."

वसुधाने पट्टी लावलेला अंगठा मुठीत घेतला, खांदा हळूच फिरवून पाहिला.

"साल आत्तापासूनच मागवून ठेवा," ती म्हणाली. "आणि या वेळी दुप्पट."